एमबीए झाल्यावर कॉलेजशी नातं कसं टिकवायचं: पहिल्या महिन्यापासून पुढची कामं

व्यवस्थापनाचं शिक्षण संपवून बाहेर पडलेल्या बहुतेकांचा कॉलेजशी असलेला धागा पहिल्या सहा महिन्यांतच तुटतो. आपुलकी कमी पडते म्हणून असं होत नाही. कॉलेजचा ईमेल बंद होतो, हॉस्टेलमधलं सिमकार्ड बदलतं, नोकरीचं गाव तिसरंच असतं आणि ऑफिसकडे जुनाच पत्ता राहतो. मग कॉलेजने पाठवलेलं काही पोहोचत नाही, आणि तीन वर्षांनी ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) लागलं की फोन कोणाला करायचा हेही माहीत नसतं. नातं टिकवणं म्हणजे दरवर्षी स्नेहमेळाव्याला हजेरी लावणं, असा समज आहे. प्रत्यक्षात ते छोट्या, वेळच्या वेळी केलेल्या कामांवर टिकतं. महाराष्ट्र-गोव्यातल्या संस्थांतून नुकतेच पास झालेल्यांसाठी ती कामं इथे क्रमाने दिली आहेत.

निघण्याआधी: ईमेल

पहिलं काम कॉलेजच्या ईमेलचं. निकालानंतर हा ईमेल किती दिवस चालू राहतो, ते आयटी विभागाला विचारा. उत्तर काहीही आलं तरी निघायच्या आठवड्यातच आवरून घ्या. गुगलचं खातं असेल तर ‘टेकआउट’ वापरून मेल आणि ड्राइव्हवरच्या फाइल उतरवता येतात. काही संस्थांनी ही सोय बंद ठेवलेली असते, तिथे प्रोजेक्ट रिपोर्ट, समर इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, फीच्या पावत्या हातानेच उतरवाव्या लागतात.

खरी अडचण दुसरीकडे आहे. दोन वर्षांत त्याच ईमेलवर आपण किती खाती उघडली, ते लक्षात राहत नाही. लिंक्डइन, डिजिलॉकर, नोकरीच्या साइट आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शैक्षणिक कर्जाचं खातं. ईमेल बंद झाला की लिंक्डइनचा पासवर्ड बदलायचा संदेशही त्याच बंद पेटीत जातो. कर्जाचा हप्ता सुरू होतोय ही बँकेची सूचनाही तिथेच जाते आणि पहिलाच हप्ता चुकतो. म्हणून ईमेल चालू असतानाच प्रत्येक खात्यात वैयक्तिक ईमेल घाला, तो मुख्य करा, आणि त्यावर आलेल्या संदेशाने एकदा लॉगइन करून पाहा.

नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, करताना ग्रंथालय, हॉस्टेल, लेखा विभाग अशा सगळ्या सह्या लागतात. अनामत रक्कम परत मिळण्यासाठी बहुधा रद्द केलेला धनादेश मागतात. त्याच दिवशी ऑफिसात कायमचा पत्ता, म्हणजे घरचा, लिहून द्या. भाड्याच्या खोलीचा देऊ नका.

कागद कोणाकडे असतात, हे आधी समजून घ्या

इथे नवीन मुलं हमखास गोंधळतात. तुमची पदवी कोणी दिली आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं. मुंबई विद्यापीठाची एमएमएस (एमबीएसारखीच व्यवस्थापनाची पदवी) किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची एमबीए संलग्न कॉलेजातून केली असेल, तर पदवी प्रमाणपत्र आणि ट्रान्सक्रिप्ट हा विद्यापीठाचा कारभार. कॉलेज फक्त शिफारस किंवा पडताळणी करतं. सिंबायोसिससारख्या अभिमत विद्यापीठाच्या संस्थेतून शिकला असाल तर ते विद्यापीठच सगळं देतं. पीजीडीएम ही व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका मात्र संस्था स्वतः देते. मुंबईचं एसपीजेआयएमआर किंवा गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट यांची पदविका अशीच आहे. तिथे सगळे कागद त्याच ऑफिसातून येतात. आयआयएममधून शिकलेल्यांत जुन्या लोकांकडे पदविका आणि नव्यांकडे एमबीए पदवी दिसते, त्याचं कारण आयआयएमना पदवी द्यायचा अधिकार २०१७च्या कायद्याने मिळाला.

हा फरक पुढे भोवतो. संलग्न एमबीए कॉलेज बंद पडलं तरी विद्यापीठाकडे नोंद राहते. पीजीडीएम देणारी छोटी संस्था बंद पडली किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झाली, तर कागद मिळवताना माणूस थकून जातो. म्हणून पीजीडीएमवाल्यांनी पहिल्या वर्षातच ट्रान्सक्रिप्टचे तीन ते पाच संच काढून ठेवावेत. सीलबंद पाकिटात घ्या. पाकिटाच्या जोडावर सही आणि शिक्का हवा, आणि घरी आल्यावर कुतूहल म्हणून ते उघडायचं नाही. उघडलेलं पाकीट परदेशी संस्था स्वीकारत नाहीत. कॅनडा किंवा अमेरिकेसाठी पदवीचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना बऱ्याचदा कागद थेट विद्यापीठाकडून किंवा संस्थेकडून लागतात. त्यासाठी अर्ज करायची वेळ येते तेव्हा ऑफिसातल्या माणसाला तुमचा परीक्षा क्रमांक, कायम नोंदणी क्रमांक आणि उत्तीर्ण झाल्याचा महिना-वर्ष लागतं. हे तिन्ही एका कागदावर लिहून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा.

तात्पुरतं प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे पदवी मिळाली असं नाही. दीक्षान्त समारंभासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो आणि त्याची मुदत असते. मुदत हुकली तर पुढच्या समारंभापर्यंत थांबावं लागतं.

नावाची बाब

गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं आणि आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आधारवर आणखी वेगळा. डिजिलॉकरवर गुणपत्रिका उतरत नाही त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. दुरुस्ती कॉलेजात असेपर्यंत सोपी जाते, कारण क्लार्क ओळखीचे असतात आणि मूळ प्रवेश अर्जाची फाइल वरच असते.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची एक खास अडचण आहे. पदवीवर माहेरचं आडनाव राहतं आणि माजी विद्यार्थ्यांच्या यादीत ज्युनिअर शोधतात ते त्याच नावाने, तर लिंक्डइनवर नवं नाव असतं. त्यामुळे चांगल्या पदावरच्या कितीतरी माजी विद्यार्थिनी कॉलेजला सापडतच नाहीत. उपाय सोपा आहे. दोन्हीकडे दोन्ही आडनावं लिहा. विवाह प्रमाणपत्राची किंवा राजपत्रातल्या नोंदीची प्रत पदवीच्या फाइललाच जोडून ठेवा.

बॅचची यादी: एकाने तरी हे करावं

कॉलेजच्या माजी विद्यार्थी पोर्टलवर नोंदणी करा, दहा मिनिटांचं काम आहे. पण त्यावर विसंबू नका. पोर्टलचा ठेका बदलला की जुनी माहिती मागे पडते. बॅचची स्वतःची यादी हवी, आणि ती निकालानंतरच्या महिन्याभरात केली तरच पुरी होते. वर्षभराने साठातले पस्तीसच सापडतात.

एका गुगल शीटमध्ये इतकेच रकाने ठेवा: पूर्ण नाव, आधीचं आडनाव, विशेषीकरण, वैयक्तिक ईमेल, फोन, सध्याचं शहर, कंपनी, काम, आणि “ज्युनिअरला फोन नंबर दिला तर चालेल का” याचं हो किंवा नाही. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. पगार, जन्मतारीख, घरचा पत्ता यात घालू नका. ही शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडेल अशी ठेवली की ती विमा एजंटांपर्यंत आणि कोचिंग क्लासपर्यंत पोहोचते. मग लोक नंबर द्यायचंच बंद करतात आणि यादी मरते. संपादनाचा हक्क दोघांकडे ठेवा, बाकीच्यांनी गुगल फॉर्ममधून माहिती कळवावी. दर जानेवारीत एकदा फॉर्म फिरवा, कारण दिवाळीनंतरच्या नोकरीबदलांची धावपळ तोवर थोडी शांत झालेली असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ग्रुप करा. एक गप्पांचा आणि एक फक्त कामाचा, ज्यात अ‍ॅडमिनच लिहू शकतात. एकच ग्रुप ठेवला तर नोकरीची जाहिरात वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. म्युच्युअल फंड, विमा, साखळी विक्री आणि निवडणुका हे चार विषय पहिल्याच दिवशी ग्रुपच्या नियमांत बंद करा. नंतर कोणा मित्राला उद्देशून नियम केला की मन दुखावतं.

कॉलेज दरवर्षी नोकरीची आणि पगाराची माहिती मागतं, नेमणूकपत्राची प्रतही मागतं. पुष्कळजण याकडे दुर्लक्ष करतात. कारण समजलं तर करणार नाहीत. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत व्यवस्थापन संस्थांना पास झालेल्यांचा मध्यक (मीडियन) पगार आणि नोकरी-उच्चशिक्षणाचं प्रमाण भरावं लागतं. नॅक ही कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्थाही माजी विद्यार्थ्यांचा सहभाग पाहते. पुरावा नसेल तर ती नोंद मोजली जात नाही. प्रत जरूर द्या, फक्त त्यावरचा पॅन आणि बँक खात्याचा क्रमांक काळा करून.

सीनिअरकडे मदत कशी मागायची

लिंक्डइनवर तुमच्या संस्थेच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथे शहर, कंपनी आणि कामाचं स्वरूप निवडून यादी गाळता येते. तुमच्याच शहरातले, तुम्हाला हव्या त्या कामात पाच ते आठ वर्षं काढलेले लोक आधी बघा. वीस वर्षं पुढे गेलेल्या उपाध्यक्षांना आपल्या पहिल्या बदलीचा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. त्यांच्या वेळचा बाजार वेगळा होता.

“हाय सर, काही ओपनिंग असेल तर सांगा, सीव्ही सोबत जोडला आहे.” या संदेशाला उत्तर येत नाही, कारण उत्तर देण्यासाठी समोरच्याला स्वतःच विचार करावा लागतो: कसली ओपनिंग, कुठे, कधी. याउलट असं लिहा:

“नमस्कार मॅडम. मी आपल्या कॉलेजच्या २०२५च्या बॅचचा, मार्केटिंगचा. सात महिने झाले, नाशिकला एका एफएमसीजी कंपनीत सेल्स ऑफिसर आहे. तुम्ही सेल्समधून ब्रँडकडे गेलात हे प्रोफाइलवर पाहिलं. असा बदल किती वर्षांनी मागावा आणि त्याआधी कोणतं काम हातात असावं, याबद्दल पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? शनिवार-रविवारी सकाळी, तुमच्या सोयीने.”

ओळख, सद्यस्थिती, त्यांचंच नाव का निवडलं, एकच प्रश्न, वेळेची मर्यादा. नोकरी मागितलेली नाही. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग थांबा. फोन झाला तर पंधराव्या मिनिटाला आपणच आवरतं घ्या. त्याच दिवशी आभार कळवा, आणि तीन महिन्यांनी त्या सल्ल्याचं काय केलं ते दोन ओळींत लिहा. ही शेवटची पायरी फार थोडे लोक पाळतात. ती पाळणाऱ्याचं नाव मात्र सीनिअरच्या लक्षात राहतं.

ज्युनिअरसाठी वेळ द्या, पैशाच्या आधी

नोकरीची पहिली तीन वर्षं पैसे देण्याची घाई करू नका. डोक्यावर कर्ज असतं. तुमच्याकडे त्याहून उपयोगी गोष्ट असते, ती म्हणजे ताजी आठवण. इंटरव्ह्यूत काय विचारलं, पहिल्या महिन्यात काय जड गेलं, हे दहा वर्षं जुना माणूस सांगू शकत नाही.

वेळ कधी द्यायचा ते कॉलेजच्या दिनक्रमावर ठरतं. पीजीडीएम संस्थांत प्रवेशाच्या मुलाखती फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होतात, तेव्हा तुमची मदत उमेदवारांना होते. राज्याच्या सीईटी (प्रवेश परीक्षा) आणि कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीतून भरणाऱ्या कॉलेजांत प्रवेश गुणवत्ता यादीने होतो, तिथे मुलाखतीची तयारी करून घेण्यात अर्थ नाही. तिथे गरज असते प्लेसमेंटच्या वेळी. समर इंटर्नशिपसाठी पावसाळ्यानंतर, अंतिम प्लेसमेंटसाठी त्याच्या एक-दोन महिने आधी.

सराव मुलाखत चाळीस मिनिटांची ठेवा. पंचवीस मिनिटं मुलाखत, पंधरा मिनिटं चर्चा. सीव्ही आदल्या दिवशी मागवा आणि त्यातल्या दोन ओळींवर पेन्सिलने खूण करा. प्रश्न तिथूनच सुरू करा. “समर प्रोजेक्टमध्ये विक्री अठरा टक्के वाढली” असं लिहिलं असेल तर विचारा: कशाच्या तुलनेत, किती दुकानांत, आणि त्यातला तुझा वाटा कोणता? दहातले सात विद्यार्थी या तिसऱ्या प्रश्नावर अडखळतात असं गृहीत धरूनच तयारी करा. नंतर सांगताना तीनच गोष्टी सांगा. नऊ चुका सांगितल्या तर मूल घाबरतं आणि एकही सुधारत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीवरून टोकू नका. त्यांना उत्तराची पहिली दोन वाक्यं पक्की करायला सांगा, पुढचं आपोआप सुटतं.

कंपनीला कॅम्पसवर न्यायचं असेल तर पहिला मेल प्लेसमेंट सेलच्या अधिकृत पत्त्यावर जाऊ द्या. ओळखीच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली जागा हरवते. कामाचं वर्णन, ठिकाण, सीटीसीची (वर्षाच्या एकूण पगाराची) फोड म्हणजे निश्चित पगार आणि बदलता भाग वेगवेगळा, बाँड असल्यास त्याची मुदत आणि रुजू होण्याचा महिना, इतकं आधीच कळवा. तुम्ही स्वतः निवड समितीत असाल तर हे माझं कॉलेज आहे, असं एचआरला लेखी सांगून ठेवा. नंतर कोणी बोट दाखवलं तर त्या ज्युनिअरची नोकरी धोक्यात येऊ शकते. आणि कंपनीचे आतले आकडे केस स्टडी म्हणून वर्गात कधीच वापरायचे नाहीत.

पैसा: कुठे, किती, कशा मार्गाने

देणगी कोणाला देतो आहोत ते आधी पाहा. कॉलेज चालवणारा न्यास, विद्यापीठाचा निधी आणि माजी विद्यार्थी संघ ही तीन वेगळी खाती, तीन वेगळे पॅन असतात. संघाला दिलेले पैसे कॉलेजच्या पावतीवर दिसणार नाहीत. प्राप्तिकरातली ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत हवी असेल तर घेणाऱ्या संस्थेकडे चालू मान्यता लागते, आणि अशा संस्थांसाठी साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही ठरलेल्या मर्यादेत. २,००० रुपयांवरची रोख देणगी या सवलतीत बसत नाही. तुम्ही नवीन करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मिळतच नाही, त्यामुळे ‘कर वाचेल’ असं सांगून नव्या नोकरदारांकडून पैसे गोळा करू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एका मित्राच्या खात्यावर यूपीआयने वर्गणी जमवण्यात. त्याच्या खात्यात दोन-तीन लाख येतात, त्याचा खुलासा त्यालाच करावा लागतो, देणाऱ्याला पावती मिळत नाही, आणि तो परदेशी गेला की खातं अनिवासी होऊन पैसे अडकतात. मैत्रीही जाते. पैसे थेट संस्थेच्या खात्यात, शेऱ्याच्या रकान्यात बॅचचं वर्ष लिहून जाऊ द्या.

किती? हिशेब करून पाहा. साठ जणांच्या बॅचमध्ये पंचवीस जण नेमाने देतील असं धरा. महिन्याला प्रत्येकी ५०० म्हणजे १२,५०० रुपये, वर्षाला दीड लाख. याउलट कायमस्वरूपी शिष्यवृत्ती ठेवायची तर १० लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७०,००० मिळतात. इतक्या रकमेतून व्यवस्थापनाची पूर्ण फी निघत नाही. म्हणून नव्या बॅचने स्वतःच्या नावाची शिष्यवृत्ती जाहीर करण्याची घाई करू नये.

आमच्या मते त्याहून गरजेची गोष्ट आहे फिरता निधी. पहिल्या सत्राची फी भरायची तारीख येते तेव्हा बँकेचं कर्ज मंजूर असतं पण वितरित झालेलं नसतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणारी शिष्यवृत्ती तर हप्त्याने येते. या मधल्या पाच-सहा आठवड्यांत मुलगा सावकाराकडे जातो किंवा आई दागिना मोडते. वीस-पंचवीस हजारांची बिनव्याजी मदत त्या वेळी मिळाली, तर कर्ज आल्यावर ती परत येते आणि पुढच्याला मिळते. ३ लाखांच्या निधीतून एका वेळी बारा मुलं सावरतात. हा निधी संस्थेच्या विद्यार्थी साहाय्य खात्यातच ठेवा. एक पानी अर्ज, कर्जमंजुरीचं पत्र, संचालकांची सही, परतीची तारीख. कोणाला मदत दिली ते नाव बॅचच्या ग्रुपवर येता कामा नये. एका मुलाचं नाव बाहेर फुटलं की पुढची पाच गरजू मुलं अर्जच करत नाहीत.

मोठ्या कंपनीत असाल तर सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागाला विचारा. कंपनी कायदा २०१३प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि शिक्षण हा त्यातला मान्य विषय आहे. घेणाऱ्या संस्थेची असा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी नसेल तर मात्र प्रस्ताव पहिल्याच टेबलावर थांबतो.

परदेशातल्यांनी एक फरक नीट समजून घ्यावा. दुबई किंवा न्यू जर्सीत राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत देतो ती परकीय देणगी धरली जात नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी त्याची देणगी परकीयच. ती घ्यायला संस्थेकडे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. चुकून साध्या खात्यात टाकले तर अडचणीत संस्था येते. तेव्हा आधी विचारा, मग पाठवा.

भेटीगाठी

दहा आणि पंचवीस वर्षांचे मेळावे कॉलेजात झाले तर शिक्षक आणि शिपाईकाका दोघांनाही भेटता येतं, हॉटेलात ते होत नाही. तारीख सहा महिने आधी धरा. मार्चअखेर, गणपती आणि दिवाळीचा आठवडा टाळा. डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा परदेशातल्यांना सोयीचा पडतो. आगाऊ पैसे भरणारेच येणार असं धरून जेवणाची ताटं सांगा.

संघ नोंदवायचा असेल तर

शहरात तुमच्या कॉलेजची शाखा नसेल तर आधी दोन वर्षं नोंदणीशिवाय, दर तीन महिन्यांनी एक भेट अशी चालवून पाहा. टिकली तरच पुढे जा. संस्था नोंदणी कायदा १८६०खाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंदणी होते. संघाची घटना (नियमावली) लिहिताना सभासद कोण होऊ शकतो, कार्यकारिणीची मुदत किती आणि संघ बंद झाला तर शिल्लक कोणाकडे जाईल, हे तीन मुद्दे सविस्तर लिहा. मूळ संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह वापरायची लेखी परवानगी सोबत जोडा. दरवर्षी लेखापरीक्षण चुकवता येत नाही.

नोंदलेले संघ अडकतात ते कार्यकारिणी बदलताना. निवडणूक होते, हार घातले जातात, आणि बदलाची नोंद करायचं राहून जातं. धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे या बदलाचा अहवाल, ९० दिवसांत द्यावा लागतो. तो दिला नाही तर सरकारी नोंदीत जुनेच पदाधिकारी राहतात, बँक नव्या सह्या घेत नाही, आणि जुना खजिनदार बंगळुरूला असतो. म्हणून पद सोडणाऱ्याने सभेच्या दिवशीच ठरावाच्या तीन प्रती सही करून द्याव्यात: एक वकिलाकडे, एक बँकेत, एक फाइलला. पोर्टलचा पासवर्ड, बॅचच्या शीटचा हक्क आणि चेकबुक त्याच टेबलावर नव्या माणसाच्या हातात द्यावं.